सरस, हाडं आणि वाफ: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बॉयलरबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: एकोणिसाव्या शतकात वाफेचा पै न् पै वसूल केला तो कापडगिरणीवाल्यांनी नव्हे, सरस (कातड्या-हाडांपासून काढलेला सुतारी गोंद) आणि जिलेटिन बनवणाऱ्यांनी. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं सरसाबद्दल आहेत, निम्मी माझ्या डोक्याबद्दल. दुसऱ्या निम्म्यांना उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पहिल्यांतली काही इथे घेतो.

काका, मी कापडगिरणीत मेंटेनन्सला होतो. सरस म्हणजे कढईत कातडी उकळायची. त्याला वाफेचं इंजिन कशाला? चूल पुरे की.
— एक वाचक, कोथरूड

चूल पुरत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

कातड्यात आणि हाडांत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. ते गार पाण्यात विरघळत नाही. गरम पाण्यात बराच वेळ राहिलं की त्याचे पीळ सुटतात, आणि पाण्यात जे उतरतं ते जिलेटिन. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेलं पायासूप सकाळी थिजलेलं दिसतं, ते ह्याच जिलेटिनमुळे. फिकं, बिनवासाचं आणि स्वच्छ निघालं तर जिलेटिन म्हणून विकायचं. गडद, वासाचं निघालं तर सरस म्हणून. दोघं भावंडंच, फरक निगुतीचा.

आता अडचण पाहा. उष्णता दिल्याशिवाय जिलेटिन निघत नाही, आणि निघालेल्या जिलेटिनला उष्णता सोसत नाही. जास्त तापवलं किंवा जास्त वेळ तापत ठेवलं की त्याचे लांबलचक धागे तुटत जातात. मग ते धड थिजत नाही की चिकटत नाही. चुलीवरच्या कढईला तळ लागतो, कडेला माल करपतो, मधे कच्चा राहतो. जुने सरसवाले ह्या भांडणातच आयुष्य काढत.

वाफेने हे भांडण मिटवलं. आधी कातड्याची छाटण चुन्याच्या पाण्यात कित्येक आठवडे भिजत घालायची. केस, चरबी, नको ती प्रथिनं सुटतात आणि कोलॅजेन फुगून सैल पडतं. मग धुवायचं, हलक्या आम्लाने उरलेला चुना घालवायचा आणि माल कढईत घ्यायचा. कढईला जाळीचा दुसरा तळ, त्याच्याखाली वाफेच्या नळीचं वेटोळं. व्हॉल्व्ह थोडा उघडला की साठ-पासष्ट अंशांवर पाणी राहतं, हवा तेवढा वेळ. पहिलं पाणी काढून घ्यायचं. तो सगळ्यांत फिका आणि ताकदीचा माल. दुसरं पाणी थोडं जास्त गरम, तिसरं त्याहून. शेवटच्या पाण्यात जे येतं ते खोक्यांच्या कारखान्याला.

हे पाणी फार पातळ असतं, आटवावं लागतं. उघड्यावर आटवायचं तर उकळावं लागणार, म्हणजे पुन्हा मालाची वाट. इथे साखरवाले मदतीला आले. एडवर्ड हॉवर्ड नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१३ मध्ये साखरेसाठी व्हॅक्यूम पॅन काढला होता. आतला दाब हवेच्या दाबाच्या पाचव्या हिश्शावर आणला की पाणी साठ अंशांनाच उकळतं. साखर करपू नये म्हणून काढलेली युक्ती सरसाला तितकीच लागू पडली. पुढे नॉर्बर्ट रिल्यू ह्या अमेरिकन इंजिनिअरच्या पद्धतीने एका भांड्यातून निघालेली वाफ दुसऱ्याला तापवू लागली, तीही साखरेतूनच आलेली.

आणि आता तुमचं इंजिन. माझी सगळी नोकरी बॉयलर हाउसमध्ये गेली, तेव्हा हा हिशोब मला झोपेतही येतो. एक किलो पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत न्यायला १०० किलोकॅलरी लागतात. तेच पाणी शंभरावर ठेवून त्याची वाफ करायला आणखी ५४०. त्या काळच्या साध्या इंजिनाने ह्यातला दहावा हिस्सा चाक फिरवण्यात लावला तरी पाठ थोपटावी. बाकीची उष्णता वापरलेल्या वाफेबरोबर बाहेर. तुमच्या गिरणीत ती कंडेन्सरच्या, म्हणजे वापरलेली वाफ गार करणाऱ्या यंत्राच्या, पाण्याबरोबर तलावात जायची. सरसाच्या कारखान्यात इंजिन हाडं फोडी, पंप ओढी, पंखे फिरवी, आणि त्याच्या तोंडून निघालेली उरलेली वाफ सरळ कढयांच्या नळ्यांत आणि सुकवणीच्या खोल्यांत जाई. बॉयलर उष्णतेसाठी हवाच होता; चाक फिरलं ते जवळपास फुकट. आपल्याकडचे साखर कारखाने चिपाडं जाळून वीज करतात आणि टर्बाइनमधून निघालेल्या वाफेवर रस आटवतात, तो हाच धडा.

म्हणून म्हटलं होतं, पै न् पै वसूल.

आमच्या आजोबांच्या वेळी सरसाच्या वडीवर शंकरपाळ्यासारख्या रेषा असत. ते म्हणायचे, रेषा दिसल्या तर माल अस्सल. ह्यात तथ्य किती? आणि आता फेव्हिकॉल असताना हार्मोनियमवाले अजून सरस का मागतात?
— सुतारकाम करणारे एक वाचक, सोमवार पेठ

अशी एक वडी बोहरी आळीतून आणलेली माझ्या टेबलावर आहे. उजेडात धरली की गडद मधाचा रंग. कडा वर वळलेल्या, काचेसारख्या धारदार. दोन्ही अंगांना तिरक्या चौकटी उमटलेल्या. त्या कुणी शोभेला काढलेल्या नाहीत. ज्या जाळीवर वडी सुकली त्या जाळीचा तो ठसा.

आटवलेला सरस लांबट डब्यांत ओतून गार करत. थिजला की तारेने त्याचे पातळ काप पाडत आणि ताणलेल्या जाळ्यांवर एकेक मांडत. आधी सुताच्या जाळ्या, पुढे जस्त चढवलेल्या तारेच्या. ओला काप जाळीत थोडा रुततो, सुकताना आकसतो, रेषा कायमच्या राहतात. तेव्हा रेषा म्हणजे माल जाळीवर सुकला, एवढंच. ताकद त्यावरून कळत नाही.

सुकवण हाच ह्या धंद्यातला सगळ्यांत नाजूक भाग होता. ऊन कडक पडलं की काप वितळून जाळीतून खाली टपकत. हवा दमट राहिली की बुरशी. थंडीत गोठले की तडकत. म्हणून वाफ येण्याआधी युरोपात सरसाचा हंगाम वसंत आणि शरद ऋतूंपुरताच. बाकीच्या दिवसांत कढया पालथ्या. वाफेच्या नळ्यांनी गरम केलेली हवा पंख्याने लांबट खोलीतून ओढायला लागल्यावर कारखाना बाराही महिने चालू राहिला. आमच्या धंद्यात सगळे बॉयलरचा दाब विचारतात, पंख्याला कुणी विचारत नाही. सरसवाल्याला विचारा, त्याचा जीव पंख्यात.

हार्मोनियमचं सोपं आहे. सरसाचा सांधा गरम ओलाव्याने सुटतो, लाकूड न फाडता. वाद्य आज ना उद्या उघडावं लागणारच. फेव्हिकॉलचा सांधा उघडताना लाकूडच निघून येतं. सरस वापरताना तुकडे रात्रभर गार पाण्यात ठेवा. विरघळणार नाहीत, फुगून मऊ होतील. मग पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, हाताला चटका बसेल इतपतच गरम करा. उकळी आली की संपलं, वर सांगितलंच आहे.

ताकद रेषांवरून नाही, मग कशावरून? (त्याच पत्रात)

पूर्वी बोटावरून. जाणता माणूस थिजलेल्या सरसावर बोट दाबून भाव सांगे, आणि दोन जाणते दोन भाव सांगत. १९२५ मध्ये ऑस्कर ब्लूम ह्या अमेरिकन माणसाने यंत्राचं पेटंट घेतलं. ६.६७ टक्के द्रावण १० अंशांना सोळा-अठरा तास थिजवायचं, त्यावर साधारण अर्ध्या इंचाचा दट्ट्या ठेवायचा, आणि तो ४ मिलिमीटर आत जायला किती ग्रॅम वजन लागतं ते पाहायचं. ग्रॅमचा तो आकडा म्हणजे ब्लूम. आजही जिलेटिनच्या पोत्यावर तो छापलेला असतो.

वाफेच्या इंजिनाचा आणि हाडांचा संबंध तुम्ही ओढूनताणून लावताय असं आमच्या सरांचं मत आहे.
— इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

सरांना सांगा, संबंध मी लावलेला नाही, डेनी पापिनने लावला. १६७९ मध्ये ह्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये रॉयल सोसायटीपुढे एक जाड, घट्ट झाकणाचं भांडं आणलं. ते बनवलंच होतं हाडं मऊ करण्यासाठी. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जातं आणि हाडातलं जिलेटिन सुटतं. भांडं फुटू नये म्हणून त्याने तरफेवर वजन टांगलेली झडप बसवली. आपल्या कुकरची शिटी आणि माझ्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दोघं तिचेच वंशज. वाफेने झाकण उचललं जातं हे रोज पाहणाऱ्या ह्याच माणसाने १६९० मध्ये सिलिंडरमधल्या दट्ट्याची कल्पना छापली. इंजिन त्याच्या हातून उभं राहिलं नाही, ते न्यूकोमेन ह्या इंग्रजाने १७१२ मध्ये केलं. पण सुरुवात हाडांच्या भांड्यापासून आहे.

दुसरा साक्षीदार पीटर कूपर. न्यूयॉर्कमध्ये त्याने १८२१ मध्ये सरसाचा कारखाना घेतला आणि त्यावर गडगंज झाला. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या देशी रेल्वे इंजिनांपैकी ‘टॉम थम्ब’ हे १८३० मध्ये बनवलं ते ह्याच सरसवाल्याने. बॉयलरच्या नळ्या म्हणून बंदुकांच्या नळ्या कापून लावल्या होत्या! घोड्याशी शर्यत लागली, इंजिन पुढे गेलं आणि हवा देणाऱ्या पंख्याचा पट्टा निसटला. घोडा जिंकला. (पुन्हा पंखा. सरसवाल्याच्या बाबतीत हे व्हावं, ह्याचं मला हसू येतं.) १८४५ मध्ये कूपरने खाण्याच्या जिलेटिनच्या भुकटीचं पेटंट घेतलं, पण ती विकण्यात त्याला रस नव्हता. सरसाचा पैसा त्याने कूपर युनियन ह्या शिक्षणसंस्थेत घातला, ती १८५९ मध्ये सुरू झाली.

आमचा नारायण पेठेत छापखाना होता. वडील उन्हाळ्यात रुळांवर चिडायचे, पावसाळ्यात त्याहून जास्त. रूळ सरसाचे असतात असं म्हणायचे. कागद चिकटवायचा सरस शाईला कसा चालतो?
— एक वाचक भगिनी

चालतो, कारण त्यात गोड मिसळलेलं असतं. सरस भिजवून, वितळवून त्यात काकवी, पुढे ग्लिसरीन घालत आणि लोखंडी साच्यात दांड्याभोवती ओतत. होतो रबरासारखा लवचीक रूळ, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांवर शाई सारखी पसरतो. त्याच्या आधी कातड्याचे गोळे शाईत बुडवून खिळ्यांवर थोपटत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्रावरची छपाई आली, आणि थोपटणारा हात यंत्राच्या वेगाला पुरेना. सरसाचे रूळ नसते तर वाफेवर चालणाऱ्या छापयंत्राचं काही खरं नव्हतं.

वडिलांचं चिडणं रास्त. जिलेटिन तिशी ओलांडली की मऊ पडतं. एप्रिल-मे मध्ये रूळ बसतो, वितळतो. पावसाळ्यात काकवी आणि ग्लिसरीन दोन्ही हवेतलं पाणी ओढतात, मग ओलसर रुळावर शाई धरत नाही. जुना रूळ वितळवून पुन्हा ओतता यायचा, एवढाच दिलासा.

कारखाना गावाबाहेर का हलवतात? वासासाठी एवढं?
— एक वाचक, मुंढवा

तुम्ही कधी ओल्या हाडांचा ढीग पावसात भिजलेला हुंगलेला नाही, हे उघड आहे. नोकरीत एकदा बॉयलरच्या कामासाठी मी अशा एका कारखान्यात गेलो होतो. बॉयलर हाउस ढिगाच्या वाऱ्याखाली बांधलं होतं. ज्याने ते तिथे बांधलं त्याला मी तिथेच जेवायला बसवलं असतं.

फ्रान्समध्ये १८१० च्या हुकुमाने त्रासदायक कारखान्यांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गाला वस्तीपासून लांबच जागा. सरसवाले त्या पंगतीत होते. आपल्याकडचं उदाहरण आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचं. त्यांनी काढलेल्या बेंगॉल केमिकल ह्या औषध कारखान्याच्या सुरुवातीच्या काळात फॉस्फेट बनवण्यासाठी त्यांनी कसायांकडून हाडं आणून कोलकात्याच्या राहत्या घराच्या गच्चीवर वाळत घातली. अवेळी पाऊस आला. किडे झाले, कावळे जमले, शेजारी भांडायला आले. हाडं गावाबाहेर नेऊन जाळली, तर आग बघून पोलिस आले, खून करून प्रेत जाळताहेत की काय म्हणून.

वास सोडला तर हा धंदा काही वाया घालवत नाही. हाडातली चरबी आधी काढून साबण-मेणबत्तीवाल्यांना. जिलेटिन काढल्यावर उरलेला चुरा खतासाठी, तुम्ही गुलाबाला घालता तो. हाडं बंद भट्टीत जाळली तर कोळसा, त्याने साखर गाळून पांढरी करत. आम्लात खनिज विरघळवून काढलं की मागे मऊ ओसाईन राहतं. उत्तम जिलेटिन त्याचं. आम्लात गेलेलं खनिज चुन्याने परत मिळवून जनावरांच्या खाद्यात.

जिलेटिनमध्ये प्रथिन आहे म्हणता, मग गरिबांना हेच स्वस्तात का देऊ नये?
— एक वाचक, हडपसर

देऊन झालं आहे. दार्से नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वाफेच्या दाबावर हाडांचं जिलेटिन काढायची यंत्रं पॅरिसच्या इस्पितळांत बसवली आणि त्याचं सूप रुग्णांना वाढलं. रुग्ण कुरकुरले. विज्ञान अकादमीने माजांदी ह्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. वर्षानुवर्षं कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि १८४१ मध्ये निकाल लागला: नुसत्या जिलेटिनवर जीव तगत नाही. कारण पुढच्या शतकात कळलं. शरीराला बाहेरून लागणारं ट्रिप्टोफॅन (प्रथिनं ज्या विटांची बनतात त्यांतली एक) त्यात नसतंच. वाफ निर्दोष होती, आहारशास्त्र कच्चं होतं.

खाणीत वापरायचे त्या जिलेटिनच्या कांड्या ह्याच कारखान्यातल्या का? आणि आजोबांच्या जुन्या निगेटिव्हवर बुरशी आली आहे, ती पुसू का?
— एक वाचक, प्रभात रोड

त्या कांड्यांत हाडाचा अंशही नव्हता. नोबेलने १८७५ मध्ये नायट्रोग्लिसरीनमध्ये नायट्रोसेल्युलोज (आम्लात मुरवलेला कापूस) मिसळून थिजल्यासारखा स्फोटक गोळा केला, त्याच त्या कांड्या.

गंमत म्हणजे तुमच्या रस्त्याला ज्या प्रभातचं नाव आहे, त्यांच्या सिनेमांची फिल्म त्याच नायट्रोसेल्युलोजची. पाया स्फोटकाच्या भावाचा आणि वरचा थर खऱ्या जिलेटिनचा, त्यात चांदीचे क्षार. २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे जुने नायट्रेट फिल्मचे रोल गेले, ते त्या पायामुळे.

जिलेटिनचा थर ही रिचर्ड मॅडॉक्सची १८७१ ची कल्पना. पुढे वर्षानुवर्षं फिल्म बनवणाऱ्यांना कोडं पडलं होतं: एका जिलेटिनची फिल्म तेज (थोड्या उजेडातही चित्र टिपणारी), दुसऱ्याची मंद, असं का? कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्डने १९२० च्या दशकात शोधलं की जिलेटिनमध्ये गंधकाची काही संयुगं लेशमात्र असली की फिल्म तेज होते. मोहरीच्या तेलातलं संयुग त्यातलंच, गुरांच्या चाऱ्यातून आलेलं. १९३० मध्ये कोडॅकने मॅसॅच्युसेट्समधला सरसाचा एक कारखानाच विकत घेतला, दुसऱ्याच्या गुरांवर विसंबायला नको म्हणून. भारतातून उन्हात वाळलेली हाडं परदेशी जिलेटिनवाल्यांकडे जात राहिली. आपल्याकडे जबलपूरला १९६० च्या दशकात आणि केरळात १९७० च्या दशकात कारखाने उभे राहिले.

निगेटिव्ह पाण्याने अजिबात पुसू नका. बुरशी जिलेटिन खाते आणि उरलेला थर पाण्यात विरघळेल असा करून ठेवते; चित्रच फडक्यावर येईल. कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा, स्कॅन करून घ्या, आणि सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात पुड्या बदलत राहा.

आमच्या घरी जिलेटिन चालत नाही. नातीच्या वाढदिवसाला अननसाची जेली करायची आहे. चायना ग्रासने तीच जमेल का?
— एक आजी, सदाशिव पेठ

जमेल, आणि अननसाच्या बाबतीत जास्त चांगली. चायना ग्रास समुद्रशेवाळाचं. मात्र ते चांगलं उकळून विरघळवावं लागतं, कोमट पाण्यात भागत नाही. एकदा थिजलं की ऐंशीच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, तेव्हा मे महिना असला तरी ताटलीत पाणी होणार नाही. जिलेटिनची जेली तोंडात विरघळते, ही जरा कडक लागेल; चायना ग्रास थोडं कमीच घाला. जिलेटिनमध्ये ताजा अननस घातला असता तर ती थिजलीच नसती, कारण अननसातलं एन्झाइम प्रथिन तोडतं. ताज्या पपईचंही तसंच. चायना ग्रासमध्ये प्रथिन नाही, त्यामुळे अननस ताजाच घ्या. मात्र आंबट रसात चायना ग्रास उकळू नका, नीट थिजत नाही. पाण्यात उकळून, खाली उतरवून मग रस घाला.